पुढच्या ॲक्सलचा शाफ्ट धरून ठेवणारी रिंग : डाना ३० साठीच्या क्रोमोली शाफ्टचे परीक्षण

माझ्या जीप रँग्लर टीजे या गाडीच्या पुढच्या, डाना ३० नावाच्या ॲक्सलमधले मूळ शाफ्ट काढून मी त्या जागी क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेल्या) पोलादाचा संच बसवला, त्याला आता दोन वर्षे होत आली. संचात आतले दोन लांब शाफ्ट, बाहेरचे दोन आखूड शाफ्ट, दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारे सांधे) आणि त्या जॉइंटचे कप, म्हणजे बेअरिंगच्या टोप्या, धरून ठेवणाऱ्या पूर्ण वर्तुळाच्या आठ रिंगा होत्या. बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच रचनेचे शाफ्ट अनेक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या रचनेविषयी आहे. बहुतेक लोक असा संच त्यातल्या ४३४० या प्रतीच्या क्रोमोली पोलादासाठी घेतात, मीही त्याचसाठी घेतला होता. वापरल्यानंतर मात्र माझे ठाम मत झाले आहे की पैसे वसूल होतात ते त्या आठ रिंगांमुळे.

याचे कारण समजण्यासाठी पुढचा शाफ्ट जागेवर कसा राहतो ते पाहावे लागते. याच गाडीच्या मागच्या डाना ३५ ॲक्सलमध्ये प्रत्येक शाफ्टच्या आतल्या टोकाला, डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) पोटात, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे एक लॉक असते आणि तेच शाफ्टला बाहेर सरकू देत नाही. पुढे तशी सोय नाही. आतल्या शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या लांबट खाचा) डिफरन्शियलच्या गिअरमध्ये नुसत्या सरकवलेल्या असतात. त्या शाफ्टला बाहेरच्या शाफ्टशी युनिव्हर्सल जॉइंट जोडतो, बाहेरचा शाफ्ट हबच्या बेअरिंगमधून आरपार जातो आणि त्याच्या टोकावर ३६ मिलिमीटरचा नट बसतो. म्हणजे पुढचा सगळा शाफ्ट त्या एका नटाच्या आणि जॉइंटच्या चार कपांच्या भरवशावर असतो, आणि ते चार कप योकच्या (शाफ्टच्या टोकाच्या दुफाट्याच्या) कानांत टिकून राहतात ते प्रत्येकी एका लहानशा लॉकमुळे.

मूळ रचनेतले लॉकही सी अक्षरासारखे उघडे असते. ते कपाच्या खाचेत चिमटीसारखे बसते आणि योकच्या कानाच्या आतल्या बाजूला टेकून कपाला बाहेर जाण्यापासून अडवते. सरळ रस्त्यावर या लॉकवर जवळजवळ काहीच भार येत नाही. अडचण सुरू होते ती स्टेअरिंग पूर्ण वळवून, चाक दगडात अडकलेले असताना, हळूहळू ॲक्सिलरेटर दाबला की. युनिव्हर्सल जॉइंट वाकलेल्या अवस्थेत फिरतो तेव्हा बाहेरच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी आणि दोनदा जास्त होतो, आणि त्याच प्रमाणात त्याच्यावरचा पीळही वरखाली होतो. ३५ अंशांच्या कोनात हा पीळ सरळ अवस्थेच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वर चढतो. अशा वेळी योकचे कान किंचित फाकतात, कप त्यांच्या भोकात फिरू आणि सरकू लागतात, आणि उघडे लॉक आपल्या उघड्या बाजूने निसटते. एकदा लॉक गेले की कप बाहेर येतो, कप आला की क्रॉस (जॉइंटच्या मधला चार हातांचा तुकडा) वेडावाकडा होतो, आणि सुटलेला तुकडा किंवा तुटलेला कान फिरता फिरता बॉल जॉइंटवर किंवा स्टेअरिंगच्या नकलवर (चाकासोबत वळणाऱ्या भागावर) आदळतो.

माझ्या गाडीत हेच झाले, आणि दोष माझाच होता. मूळ मापापेक्षा बरेच मोठे टायर बसवले होते, जॉइंट जुना झाला होता, आणि एका पायरीसारख्या खडकावर स्टेअरिंग शेवटपर्यंत वळलेले असताना मी रिव्हर्समध्ये जोर लावला. कडकन आवाज आला. उतरून पाहिले तर एक कप योकच्या बाहेर अर्धा लोंबत होता आणि लॉक कुठेच सापडले नाही. शाफ्ट तुटला नव्हता, त्याला पीळही पडला नव्हता, म्हणजे पोलाद पुरेसे मजबूत होते. योकचे भोक मात्र अंडाकृती झाल्यामुळे तो चांगला शाफ्ट भंगारात टाकावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते.

नव्या संचातली रिंग कपाला जवळजवळ पूर्ण वेढा घालते. तिची टोके एकमेकांच्या इतकी जवळ येतात की तिला निसटायला मोकळी बाजूच उरत नाही, आणि ती कानावर एका तुकड्यात न टेकता सगळीकडून टेकते. यासाठी योकच्या कानाची आतली बाजू यंत्रावर गोल कोरून जागा केलेली असते. म्हणूनच या रिंगा नुसत्या विकत आणून मूळ शाफ्टवर बसवता येत नाहीत; एक तर असे कोरलेले शाफ्ट घ्यावे लागतात किंवा जुने शाफ्ट चांगल्या लेथवाल्याकडून कोरून घ्यावे लागतात. हातग्राइंडरने कान घासून जागा करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. रिंग एका बाजूला टेकेल, दुसऱ्या बाजूला अधांतरी राहील, आणि मग तिच्यात आणि जुन्या लॉकमध्ये फरक उरणार नाही.

रिंगा बसवणे हे या संचातले सर्वांत कष्टाचे काम आहे. कप वाइसमध्ये दाबून पुरेसा आत गेल्याशिवाय त्याची खाच दिसत नाही, आणि जास्त दाबला तर आतल्या सुया (बेअरिंगच्या बारीक सळया) आडव्या पडतात. कान आणि क्रॉस यांच्यामधली जागा इतकी अरुंद आहे की पहिली रिंग बसवायला मला पाऊण तास लागला. शेवटची दहा मिनिटांत बसली. रिंग खाचेत नीट बसली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. बारीक पंचने तिच्यावर चारही बाजूंनी हलके ठोके द्यावेत आणि ती सगळीकडे सारखी वाजते का ते ऐकावे. बसवल्यावर जॉइंट हाताने फिरवताना थोडा घट्ट वाटला तर चालतो, पण कप बोटाने पुढेमागे हलता कामा नये.

प्रत्येक कपावरून कानापर्यंत मी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. कप भोकात फिरला तर रेघ तुटते. पहिल्या तीन खडतर फेऱ्यांनंतर सात रेघा जशाच्या तशा होत्या आणि उजवीकडच्या एका कपाची रेघ तुटलेली होती. जॉइंट उघडला तेव्हा खाचेत धातूची बारीक कपची अडकलेली सापडली, त्यामुळे रिंग पूर्ण बसलीच नव्हती. कारखान्यातून आलेली खाच स्वच्छ असेल असे मी गृहीत धरले होते. ती साफ करून रिंग पुन्हा बसवल्यापासून आठही रेघा आजपर्यंत अखंड आहेत, आणि मधल्या काळात गाडीला मी कुठल्याही अर्थाने सांभाळून चालवलेले नाही.

अनेक जण यावर उपाय म्हणून कप योकला वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्के करतात. कप सुटणार नाही हे खरे, पण उष्णतेने सील आणि ग्रीस दोन्ही खराब होतात, कानाच्या पोलादावर केलेली उष्णताप्रक्रिया बिघडण्याचा धोका राहतो, आणि जॉइंट झिजला की रानात बसून तो बदलता येत नाही. रिंगांचा जॉइंट मी पंच, हातोडी आणि दोन सॉकेट एवढ्या सामानावर बाहेर काढून पुन्हा बसवू शकतो.

संचाविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. हबच्या टोकाचा नवा नट आणि स्प्लिट पिन त्यात दिलेली नव्हती, आणि माहितीपत्रकात त्या नटाचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, कुठेही छापलेला नव्हता. ही चूक किरकोळ नाही. तो नट शाफ्टला बाहेरून धरतो, एवढेच त्याचे काम नाही. हबचे बेअरिंगही त्याच्याच दाबाने एकत्र राहते. टीजेवर तो १७५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २३७ न्यूटन-मीटर इतका, टॉर्क रेंच लावूनच आवळावा. इम्पॅक्ट गनने अंदाजे आवळून बेअरिंग वाया घालवलेले मी पाहिले आहे. आत शाफ्ट सरकवतानाही घाई करू नये, कारण तेलाचे सील नळीच्या आतल्या टोकाला, डिफरन्शियलजवळ असते. स्प्लाइनचा ओरखडा लागून ते फाटले तर बदलण्यासाठी डिफरन्शियल बाहेर काढावा लागतो.

पोलादाविषयी थोडक्यात सांगतो. ४३४० चे शाफ्ट मूळ शाफ्टपेक्षा निश्चितच जास्त पीळ सोसतात, पण स्प्लाइनची संख्या तीच, २७, आणि डिफरन्शियलही तोच लहान. टायर फारच मोठे असतील तर पुढचा कमकुवत दुवा गिअरच्या दातांमध्ये निघेल. मूळ मापाचे टायर वापरणाऱ्याने आणि गाडी बहुतांशी रस्त्यावर चालवणाऱ्याने हा संच घेऊ नये. दर्जेदार नवा जॉइंट आणि नीट बसवलेली साधी लॉक त्याला पुरतील. मध्यम मोठे टायर असतील आणि दगडांत स्टेअरिंग पूर्ण वळवून चढावे लागत असेल, तर माझ्या मते इंजिनवर किंवा सस्पेन्शनवर खर्च करण्याआधी हे शाफ्ट घ्यावेत.

काढलेल्या जुन्या शाफ्टपैकी बाहेरचा एक आखूड शाफ्ट आणि त्याचा नट मी गाडीतच ठेवतो. जॉइंट मोडलाच तर आतला शाफ्ट नसला तरी गाडी मागच्या चाकांवर परत नेता येते, पण हबमधून बाहेरचा शाफ्ट आरपार घालून नट पूर्ण टॉर्कने आवळल्याशिवाय ते चाक एक किलोमीटरही फिरवू नये, कारण त्या दाबाविना बेअरिंग सुटते आणि त्यासोबत चाकही.