मागच्या पिंजऱ्यातले तापमान: बिनतारी तापमापक एक उन्हाळा वापरून

माझ्याकडे दोन कुत्री आहेत. मोगरी ही सहा वर्षांची गावठी कुत्री आणि लाडू हा नऊ वर्षांचा पग. आईवडील सोलापूरला असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी पुण्याहून सुमारे २५० किलोमीटरचा प्रवास या दोघांना घेऊन करावा लागतो, आणि मार्च ते जून या काळात पहाटे कितीही लवकर निघाले तरी इंदापूरच्या पुढचा टप्पा उन्हातच सापडतो. गाडी साधी हॅचबॅक आहे. मागच्या सीट दुमडून तिथे दोघांचे जाळीचे पिंजरे ठेवते. मागे बसणाऱ्यांसाठी एसीची वेगळी झडप या गाडीत नाही. समोरून येणारी हवा सीटच्या फटींतून जेवढी मागे पोहोचेल तेवढीच.

गेल्या वर्षी मे महिन्यात टेंभुर्णीच्या अलीकडे चहासाठी थांबले, तेव्हा लाडूची जीभ गडद लाल झाली होती आणि तोंडातून घट्ट, तारेसारखी लाळ लोंबत होती. पुढे बसून मला मात्र गारवा वाटत होता. मी ओढणी खांद्यावर ओढून घेतली होती. डॅशबोर्डवर २४ हा आकडा दिसत होता, आणि त्या आकड्यावर मी तीन तास निर्धास्त होते. वास्तविक तो आकडा म्हणजे मी एसीला सांगितलेले तापमान होते. मागच्या पिंजऱ्यात प्रत्यक्ष किती आहे, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. लाडू त्या दिवशी सावरला. घरी परतल्यावर मी पहिली खरेदी केली ती या तापमापकाची.

हा संच बाजारात निरनिराळ्या नावांनी, पण जवळजवळ एकाच रूपात विकला जातो, म्हणून नावापेक्षा त्याचे गुणधर्म सांगणे उपयोगाचे ठरेल. समोर ठेवण्याचा, आकडे दाखवणारा एक छोटा पडदा आणि मागे ठेवण्याच्या दोन डब्या, असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक डबीतून मीटरभर लांबीची बारीक तार निघते आणि तिच्या टोकाला पोलादी टोपणात बसवलेला संवेदक असतो. तापमान त्या टोकाशी मोजले जाते, आर्द्रता मात्र डबीतच मोजली जाते, त्यामुळे डबीसुद्धा कुत्र्यांच्या भागातच ठेवावी लागते. डब्या रेडिओलहरींनी पडद्याशी बोलतात. फोन, इंटरनेट किंवा ब्लूटूथ यांची गरज पडत नाही. प्रत्येक डबीसाठी वेगळी मर्यादा ठरवता येते आणि ती ओलांडली की पडद्यातला बझर वाजतो. किंमत दोन हजारांच्या आत होती.

आकड्यांवर विसंबण्याआधी ते तपासून घ्यावेत, असे मला वाटते, आणि ही तपासणी घरच्या घरी होते. बर्फाचा चुरा ग्लासात दाबून भरावा, त्यात थोडेसेच पाणी घालावे, ढवळत राहावे आणि संवेदकाचे टोक दहा मिनिटे त्यात बुडवून ठेवावे. असे मिश्रण ० अंशावर स्थिर राहते. माझ्या एका संवेदकाने ०.३ दाखवले आणि दुसऱ्याने उणे ०.२. नंतर कोमट पाण्यात ताप मोजण्याच्या थर्मामीटरशी तुलना केली, तेव्हाही अर्ध्या अंशाच्या आतच फरक आला. गाडीच्या कामासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे. आर्द्रतेचा आकडा तपासण्याची सोय माझ्याकडे नव्हती, पण दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या असता त्यांच्यात ४ टक्क्यांचा फरक दिसला, म्हणून तो आकडा मी ढोबळ मानते.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता एक संवेदक माझ्या गुडघ्यापाशी आणि दुसरा लाडूच्या पिंजऱ्यात ठेवून मी भिगवण ते मोहोळ हा टप्पा पार केला. पुढे २४ ते २५ अंश होते. मागे ३१ च्या खाली आकडा आलाच नाही, आणि रस्त्याच्या वळणामुळे मागच्या काचेतून ऊन आत आले की तो ३३ च्या पुढे जाई. एकाच बंद गाडीत, चार हातांच्या अंतरावर, सात-आठ अंशांचा हा फरक पाहून मला गेल्या मे महिन्यातल्या त्या प्रवासाचा उलगडा झाला. पुढच्या खेपेस मागच्या काचेला आतून चकाकणारा पडदा लावला, दोन्ही पुढच्या सीटच्या मधून हवा मागे ढकलणारा बॅटरीवरचा छोटा पंखा बांधला आणि पिंजऱ्यावर टाकत असे ती चादर काढून टाकली. तेवढ्याने तशाच उन्हात आकडा २७ च्या आसपास आला. यातला कोणता उपाय किती कामाचा, हे एकेक काढून पाहिले असता पंख्याचा वाटा सर्वांत मोठा निघाला. मी काचेवरच्या पडद्याला श्रेय दिले असते. मोजले नसते तर हे कळलेच नसते.

संवेदक कुठे बांधायचा, यावर मात्र सगळे अवलंबून आहे. पहिल्या आठवड्यात तीन वेळा बझर विनाकारण वाजला, कारण टोकावर थेट ऊन पडत होते आणि ते हवेचे नव्हे तर स्वतःच्या तापलेल्या धातूचे तापमान सांगत होते. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात तो याचसाठी. टोक सावलीत असावे, एसीच्या झोतासमोर नसावे, आणि कुत्रा बसला असता त्याचे तोंड ज्या उंचीवर येते त्या उंचीवर असावे. मात्र नाकासमोर नको, नाहीतर उच्छ्वासाची ऊब मोजली जाते. मी ते पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला केबल टायने बांधते आणि तार जाळीपासून दूर नेते. मोगरीने एक तार कुरतडून पाहिली आहे, म्हणून हे आवर्जून सांगते.

मर्यादा किती ठेवावी, याबद्दल संचासोबतच्या पत्रकात काहीच नाही, कारण हे उपकरण मुळात घरासाठी बनवलेले आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत कुत्र्यांच्या व्यावसायिक वाहतुकीसाठी एक आकडा दिलेला आहे: प्राण्यांच्या कप्प्यातले तापमान २९.५ अंशांवर पोहोचले की पंखा किंवा एसी चालू असलाच पाहिजे, आणि त्याच्या वर ते चार तासांपेक्षा जास्त काळ राहता कामा नये. ही सर्वसाधारण कुत्र्यांसाठीची कमाल मर्यादा आहे, सुखाची पातळी नव्हे. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असते आणि ते ४१ च्या पुढे गेले की जिवावर बेतते. म्हणजे त्याच्याकडे हाताशी असलेले अंतर जेमतेम दोन अंशांचे. त्यातून पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग आखूड आणि अरुंद असल्यामुळे धापा टाकून अंग थंड करण्याची त्यांची क्षमता कमी असते. म्हणून लाडूच्या पिंजऱ्यासाठी मी २७ आणि मोगरीच्या पिंजऱ्यासाठी २९ अशी मर्यादा ठेवली आहे.

आर्द्रतेचा आकडा मला सुरुवातीला शोभेचा वाटला होता. जूनमध्ये रत्नागिरीला गेलो, तेव्हा माझे मत बदलले. संगमेश्वरच्या पुढे एसी बंद करून काचा उघडल्या होत्या, मागे तापमान २८ होते आणि आर्द्रता ८५ च्या वर. सोलापूरच्या रस्त्यावर २८ अंशांत झोपून राहणारी मोगरीसुद्धा तिथे जीभ बाहेर काढून बसली. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही. जिभेवरचा आणि श्वासनलिकेतला ओलावा वाफ होऊन उडतो तेव्हाच त्याला थंडावा मिळतो, आणि हवाच ओली असेल तर ती वाफ उडत नाही. या संचात आर्द्रतेसाठी बझर लावता येत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी आर्द्रतेवरही इशारा देणारा संच शोधावा, त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. गाडीच्या पत्र्यामुळे रेडिओलहरी फार लांब जात नाहीत. पडदा हातात घेऊन मी गाडीपासून दूर चालत गेले, तेव्हा साधारण चाळीस पावलांवर संपर्क तुटला; पत्रकात लिहिलेल्या साठ मीटरच्या हा निम्माही नाही. पण संपर्क तुटण्यापेक्षा वाईट गोष्ट ही की, तुटल्यावर बझर वाजत नाही. काही मिनिटे जुनाच आकडा तसाच दिसत राहतो आणि मग त्याच्या जागी दोन आडव्या रेघा येतात. जे उपकरण धोका सांगण्यासाठी घेतले, ते गप्प असल्यावर सगळे ठीक आहे असेच माणूस समजणार. विक्रेत्याला मी हे लिहून कळवले. उत्तर आले ते सेल बदलून पाहण्याचे.

म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, कुत्र्याला उभ्या गाडीत ठेवून आपण दुकानात किंवा हॉटेलात जावे, यासाठी हा संच नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाहेर २२ ते ३६ अंश तापमान असलेल्या निरभ्र दिवसांत बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झालेली होती. काचा थोड्या खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. बझर वाजल्यावर बिल चुकते करून आपण परत येईपर्यंत अशा गाडीत काय होईल, याचा अंदाज यावरून यावा. परदेशात स्वतःचे सिमकार्ड असलेली उपकरणे मिळतात, जी तापमान वाढताच मालकाच्या फोनवर संदेश पाठवतात. तिथल्या काही पोलीस श्वानपथकांच्या गाड्यांत तर मर्यादा ओलांडताच काचा आपोआप खाली होतात, पंखा सुरू होतो आणि भोंगा वाजतो. माझा संच यातले काहीही करत नाही, आणि चालत्या गाडीत, मी स्टिअरिंगमागे असताना, त्याने ते करण्याची गरजही नाही.

तुलनेसाठी एक ब्लूटूथवरची छोटी डबीही महिनाभर वापरली. ती दिवसभराच्या नोंदी साठवते आणि फोनवर सुंदर आलेख दाखवते. पण गाडी चालवताना फोन पाहणे मला मान्य नाही, आणि तिचा इशारा फोनच्या इतर आवाजांत हरवतो. तिचा उपयोग आहे तो नंतर तपासण्यासाठी. रेल्वेने कुत्रा नेताना तो पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात आपल्यासोबत नसेल, तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो आणि तिथे एसी नसतो. तिथली स्थिती कळायला अशी नोंदी ठेवणारी डबी फार उपयोगी पडेल. पेट टॅक्सीचेही तसेच. एकदा मी अशी सेवा घेतली, तेव्हा मागच्या कप्प्यातले तापमान किती असते, या प्रश्नाचे उत्तर चालकाला देता आले नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला अनावश्यक त्रास होईल अशा रीतीने वाहनातून नेणे गुन्हा आहे, पण त्या कलमात तापमानाचा आकडा नाही. विचारणे आपल्याच हाती आहे.

संचाची बांधणी ठीक आहे. पेन्सिल सेल चार महिने टिकले, आणि त्यात चार्ज होणारी बॅटरी नाही, हे मी चांगलेच मानते, कारण तापलेल्या गाडीत लिथियम बॅटरी चार्ज करणे धोक्याचे असते. पडदा डॅशबोर्डवर उन्हात राहिला की काळा पडतो आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतो, म्हणून तो मी गिअरजवळच्या खणात ठेवते. बझर मात्र मोठा असायला हवा होता. महामार्गावर काचा उघड्या असतील तर तो ऐकू येत नाही.

या उन्हाळ्यात खरे इशारे दोनदा मिळाले. एकदा पंख्याची बॅटरी संपली होती, आणि दुसऱ्यांदा मोहोळजवळ सामानाची पिशवी सरकून सीटमधली फट बुजली होती. दोन्ही वेळा आकडा २७ वर असतानाच मी गाडी सावलीत घेतली, डिकी उघडली, पाणी दिले आणि दहा मिनिटांत पुढे निघाले. दुसऱ्या वेळी लाडू झोपेतून उठलाही नव्हता. पुढच्या आठवड्यात वडिलांच्या गाडीसाठी असाच दुसरा संच घेणार आहे, कारण दिवाळीनंतर लाडू महिनाभर सोलापूरलाच असेल आणि त्याला पशुवैद्याकडे तेच नेतील.