गोल्डन टी: हाताच्या जोरापेक्षा अंदाजाचा खेळ

गोल्डन टी या आर्केडमधल्या गोल्फ व्हिडिओ गेमच्या कॅबिनेटवर जॉयस्टिक नसते. पॅनेलच्या मधोमध 3 इंची गोळा (ट्रॅकबॉल), आजूबाजूला मोजकी बटणं आणि समोर पडदा. गोळा मागे ओढला की पडद्यावरचा खेळाडू काठी उचलतो, पुढे ढकलला की फटका बसतो. इलिनॉयमधल्या इन्क्रेडिबल टेक्नॉलॉजीज या कंपनीने हा खेळ 1989 मध्ये आणला. त्यानंतर 1995 ला थ्रीडी, 2000 ला फोर (Fore!) आणि 2005 ला लाइव्ह अशा आवृत्त्या निघाल्या. चित्रं सुधारली, मैदानं वाढली, पण गोळा जागेवरच राहिला. तो हलवायचं कारणही नव्हतं. तीनदा बटण दाबून ताकद ठरवायच्या पॉवर मीटरवर चालणाऱ्या गोल्फ खेळांत बोटाचं टायमिंग तपासलं जातं. इथे मनगट, तळहात आणि अंदाज तिन्ही एकदम कामाला लागतात. आर्केडमधल्या गोल्फसाठी याहून चांगलं नियंत्रण अजून कुणी बनवलेलं नाही, असं आमचं ठाम मत आहे.

पण याच गोळ्यामुळे पैसे वायाही जातात. म्हणून पैसे टाकण्याआधी अर्धा मिनिट गोळा तपासा. तळहाताने हलकी फिरकी देऊन हात उचला. चांगल्या स्थितीतला गोळा काही क्षण आवाज न करता फिरत राहतो. खरखर ऐकू आली किंवा लगेच थांबला तर बेअरिंग झिजलेली आहेत, आणि ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीचा, पूर्ण फटका तुम्हाला त्या मशीनवर कधीच मिळणार नाही. मग गोळा अगदी सावकाश आडवा आणि उभा फिरवून बघा. एखाद्या ठिकाणी तो अडखळतो किंवा उडी मारतो असं वाटलं तर आतल्या रोलरवर मळाचा थर बसला आहे. अशा मशीनवर लांबचे फटके एक वेळ निभावतील, पट, म्हणजे चेंडू कपात ढकलण्याचे छोटे फटके, मात्र फसतील, कारण पटमध्ये गोळा जेमतेम हलवायचा असतो आणि तेवढ्याशा हालचालीत एक अडखळही महागात पडते.

आता फटका. नवा खेळाडू सगळी ताकद खांद्यातून लावतो आणि गोळ्याला धपाटा मारतो. त्यात दोन तोटे आहेत. हात पुढे जाऊन पॅनेलच्या कडेवर किंवा काचेवर आपटतो, आणि धपाट्याची दिशा प्रत्येक वेळी वेगळी पडते. ताकद ठरते ती मागे किती ओढलंत आणि पुढे किती वेगाने नेलंत यावरून. गोळा खाली दाबल्याने वेग वाढत नाही, उलट घर्षण वाढतं. मागे सावकाश आणि पूर्ण ओढा. पुढे नेताना तळहाताचा मधला भाग गोळ्यावरून सरकत शेवटी बोटांच्या टोकांनी सुटू द्या. गोळ्याला स्पर्श झाल्याझाल्या हात आवरला तर वेग तिथेच मरतो. उभं राहताना गोळा पोटासमोर न ठेवता ज्या हाताने खेळता त्या खांद्यासमोर ठेवा. शरीर मधोमध ठेवलं की कोपर बाहेर जातं, हात कमानीत फिरतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा सरळ वाटणारा फटका डावीकडे पडतो. ‘मशीन डावीकडे ओढतं’ अशी तक्रार बऱ्याचदा इथूनच निघते.

दिशेसाठी गोळ्यावर घड्याळाची तबकडी कल्पा. 6 वर मागे आणि 12 वर पुढे म्हणजे सरळ फटका. मागे ओढण्याचा आणि पुढे ढकलण्याचा कोन मिळून चेंडू कुठून निघेल आणि कुठे वळेल ते ठरतं. शिकताना दोन्ही कोन एकदम बदलू नका. पहिले काही होल मागचा कोन 6 वरच ठेवा आणि फक्त पुढचा 11, 12, 1 असा बदलून चेंडू किती जातो, किती वळतो ते पाहा. ते हातात बसलं की मागचा कोन बदला. झाडाला वळसा घालणारे फटके या खेळाचा सगळ्यात देखणा भाग आहेत, आणि घाईत शिकल्यामुळे ते कायमचे कच्चे राहिलेले खेळाडू खूप दिसतात. सरळ ग्रीन (कपाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) दिसत असताना वळणाचा फटका मारू नका. दिशेची बटणं त्यासाठीच आहेत: खेळाडूला वळवा आणि 6 ते 12 मारा.

आता मुख्य मुद्दा. हा खेळ जिंकायचा असेल तर चेंडू किती लांब जातो यापेक्षा तो कुठे टप्पा घेतो ते बघायला शिका. पडद्यावर पिनपर्यंतचं, म्हणजे कपातल्या झेंड्यापर्यंतचं, अंतर यार्डात दिसतं आणि मशीन त्याप्रमाणे काठी सुचवतं. ही सूचना मुळात अंतर पाहून केलेली असते. वारा, चढ-उतार आणि टप्प्यानंतरचं घरंगळणं यांचा हिशेब तुमच्याकडे. पिन 165 यार्डावर आहे, ग्रीन तुमच्याकडे उतरतं आहे आणि अलीकडच्या कडेला पाणी आहे, असं समजा. इथे टप्पा पिनच्या पलीकडे पडलेला बरा. तोच उतार पलीकडच्या बाजूला असेल तर टप्पा 150 च्या आसपास घेऊन चेंडू घरंगळत जाऊ द्यायचा. अंतर तेच, पण लागणारा फटका आणि बहुधा काठीही वेगळी.

वाऱ्यासाठी खऱ्या गोल्फमधला ढोबळ नियम सुरुवातीला कामी येतो: समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या ताशी दर मैलाला एक टक्का अंतर वाढवून धरायचं, पाठीमागच्या वाऱ्याला अर्धा टक्का कमी करायचं. चढाला दर 3 फुटांना 1 यार्ड वाढवायचा, उताराला तेवढाच कमी करायचा. हे आकडे म्हणजे या मशीनचं गणित नव्हे, हिशेब सुरू करण्याची जागा आहे. दोन-चार होलमध्ये चेंडू सातत्याने पुढे पडतोय की मागे ते बघून दुरुस्ती करा. उंच जाणाऱ्या चेंडूला वारा जास्त खातो, म्हणून जोराच्या समोरच्या वाऱ्यात वेजऐवजी (चेंडू उंच उडवणारी काठी) लांब आयर्नने मारलेला कमी उंचीचा फटका जास्त खात्रीचा.

होलची लांबी आणि काठी यांची सांगड घालताना एक सूत्र धरून ठेवा: अर्ध्या ताकदीचा फटका टाळा. पूर्ण फटका हाताला पुन्हापुन्हा तसाच जमतो, सत्तर टक्क्यांचा जमत नाही. गोळ्यावर सत्तर टक्के दाखवणारी खूणच नसते. म्हणून पार 5 वर (पाच फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या होलवर) दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर पोचता येत नसेल तर ‘जितकं पुढे जाईल तितकं बरं’ हा विचार सोडा. 520 यार्डाचा होल आहे, ड्राइव्ह 280 गेला, उरले 240. लांब वूडने (ड्रायव्हरखालोखाल लांब मारणाऱ्या काठीने) 200 मारलेत तर 40 यार्डाचा अडनिडा फटका शिल्लक राहतो. आयर्नने 140 मारलेत तर 100 उरतात आणि वेजचा पूर्ण फटका बसतो. आपली वेज पूर्ण ताकदीने नक्की किती जाते हे पहिल्याच डावात बघून ठेवा आणि पुढचे सगळे आडाखे त्या आकड्यावरून मागे मोजत या.

गोल्डन टीची मैदानं धाडसाला खुणावतात. दऱ्या, खाड्या, मधेच सुटी बेटं, आणि वळणाच्या पार 4 वर पाण्यावरून थेट ग्रीन गाठायचा मोह. मोह वाईट नाही. मुरलेले खेळाडू 18 होलमध्ये पारखाली वीसहून जास्त फटके खेळतात, आणि असा स्कोअर थेट ग्रीन गाठल्याशिवाय होत नाही. पण आकडा आधी मांडा. समजा पिन सरळ रेषेत 300 यार्डांवर आहे, पाण्याची पलीकडची कड 270 वर, आणि तुमचा ड्रायव्हर हवेत 275 जाऊन पुढे 20 घरंगळतो. 10 मैलांचा वारा समोरून असेल तर वरच्या नियमाने चेंडू 250 च्या आतच उतरतो, म्हणजे पाण्यात. हाच वारा पाठीमागून असेल तर टप्पा 289 च्या आसपास पडतो आणि चेंडू पिनच्या थोडा पुढे थांबतो. होल तोच, टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याला, उभं राहण्याची जागाही तीच, निर्णय उलटा.

किती वेळा जमलं तर धाडस परवडतं, याचाही हिशेब सोपा आहे. थेट ग्रीनवर गेलात आणि दोन पट लागले तर 3. पाण्यात गेलात तर एक फटका, एक दंड, तिसऱ्याने ग्रीन, दोन पट, एकूण 5. फेअरवेवरून, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावरून, सुरक्षित खेळलात तर 4. म्हणजे मिळकत एक, तोटाही एक: दोनातून एकदा चेंडू पाण्यापलीकडे जात असेल तर बरोबरी, त्याहून जास्त वेळा जात असेल तरच मारा. पाणी ओलांडल्यावर दुसऱ्या टोकाला बंकर (वाळूचा खड्डा) किंवा दाट रफ (वाढलेलं गवत) असेल तर ‘पाण्यापलीकडे गेला’ म्हणजे ‘ग्रीनवर गेला’ असं धरू नका, गणित लगेच तुमच्या विरुद्ध झुकतं.

बॅकस्पिनचं बटण नव्या खेळाडूंना फार आवडतं आणि तेच त्यांचे फटके वाढवतं. उंच येणाऱ्या वेजच्या फटक्यावर, पिन ग्रीनच्या अलीकडच्या भागात आणि पलीकडे धोका असेल तेव्हा ते सोनं आहे. पण तुमच्याकडे उतरणाऱ्या ग्रीनवर बॅकस्पिन दिलात तर पिनपाशी पडलेला चेंडू मागे फिरून ग्रीनबाहेर जातो. वाऱ्याविरुद्धही जपून वापरा. सवय अशी लावा की दर फटक्याआधी ‘हा चेंडू थांबवायचाय की पळवायचाय’ एवढंच ठरवायचं आणि मगच बटणाकडे बोट न्यायचं. रफमधून अंतर कमी पडतं, वाळूतून आणखी कमी, तेव्हा एक काठी मोठी घ्या. याबाबत यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

पटिंग हा या मशीनचा सगळ्यात अवघड आणि थोडा कमजोर भागही. ग्रीनवर जाळी दिसते, तिच्यावरून उतार वाचायचा. उताराचा परिणाम चेंडू मंदावतो तिथे, म्हणजे कपाजवळच्या शेवटच्या काही फुटांत, सर्वांत जास्त असतो. म्हणून जाळी तुमच्या पायाशी वाचण्याऐवजी कपाभोवती वाचा. वेग असा ठेवा की चुकला तर चेंडू कपापुढे फूट-दीड फूट थांबेल. कमी वेगाने मारलात तर तो वळत खालच्या बाजूला जातो, फार जोराने मारलात तर कडेवरून उडतो. पटसाठी तळहात वापरू नका. दोन बोटं गोळ्यावर ठेवून छोटी, पण अखंड हालचाल करा. मागे दोन सेंटीमीटर ओढून पुढे झटका देण्यापेक्षा मागे-पुढे सारख्या लयीत नेलेला गोळा जास्त खात्रीने काम करतो. कमजोर म्हणण्याचं कारण आधी आलंच आहे: लांब फटक्यात दडून राहणारा यंत्राचा दोष पटमध्ये उघडा पडतो आणि खेळाडू दोष स्वतःच्या हाताला देतो.

कुठली आवृत्ती निवडावी? शिकायला 2000 ची फोर अजूनही उत्तम आहे. चित्रं जुनी दिसतात आणि चढ-उतार डोळ्याने नीट कळत नाहीत, पण त्यामुळे आकडे वाचायची सवय लागते. लाइव्हमध्ये चढ स्पष्ट दिसतो, दूरच्या खेळाडूंशी ऑनलाइन स्पर्धा करता येते आणि नवी मैदानं वर्षाला पाचच्या हिशेबाने येत गेली, त्यामुळे पाठ करून खेळणाऱ्याला सारखं नव्याने विचार करावा लागतो. वाऱ्याची दिशा आणि पिनची जागा डावागणिक बदलते हे या खेळाचं मोठं बळ आहे. कालचा फटका आज जसाच्या तसा चालत नाही. लहान आकाराचं घरगुती कॅबिनेट घेणार असाल तर गोळ्याचं वजन आधी हातात घेऊन बघा. गोळा हलका असेल तर तो हाताच्या पुढे पळतो आणि मोठ्या मशीनवर बसलेला हात तिथे उपयोगी पडत नाही.

स्वतःचं मशीन असणाऱ्यांसाठी देखभालीचं एक काम चुकवण्यासारखं नाही. गोळ्याखाली दोन रोलर असतात, एक उभ्या आणि एक आडव्या हालचालीसाठी, आणि तिसरा नुसता आधाराला. रोलरच्या टोकाची दातेरी चकती प्रकाश-सेन्सरमधून फिरते आणि तिच्यावरून मशीन वेग मोजतं. मशीन बंद करून गोळ्याभोवतीची वरची कडी काढा, गोळा उचला, तो साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडा करा. रोलरवर जिथे गोळा टेकतो तिथे मळाचं काळं कडं दिसेल. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने सोडवा, ब्लेडने खरवडू नका. चकतीवरची धूळ मऊ कुंचल्याने झटका. रोलरवर तेल अजिबात घालू नका: गोळा त्यावर घसरतो, हात पुढे जातो आणि रोलर मागेच राहतो. बेअरिंग बदलायची वेळ आली तर तिन्ही ठिकाणची एकदम बदला. एकाच बाजूची बदललीत तर एक अक्ष मोकळा आणि दुसरा जड राहतो, आणि तिरके फटके ठरवलेल्या कोनात निघत नाहीत.