‘द टेरर’ : न बदलणाऱ्या अक्षांशाची कादंबरी

डॅन सिमन्स यांची ‘द टेरर’ ही २००७ मधली इंग्रजी कादंबरी आमच्या वाचकमंडळातून फिरून माझ्याकडे परत आली, ती प्रत्येकाचे वेगळे मत घेऊनच. एका मित्राने ती दीडशे पानांवर सोडून दिली. त्याच्या मते पुस्तकात बर्फाशिवाय काही घडतच नाही. एका शिक्षिका मैत्रिणीला शेवटचा भाग सोडून सगळे आवडले, तर दुसऱ्या एका वाचकाला नेमका तोच भाग आवडला. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर म्हणून हयात घालवलेल्या एका काकांनी मत सांगितले नाही, पण समासात पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या, आणि त्या पाहून मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

कादंबरीचा कणा खरा आहे. मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश आरमाराची दोन जहाजे उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिककडे जाणारा सागरी मार्ग शोधायला निघाली. त्यांच्या नाळेवर लोखंडी पत्रे ठोकले होते, पोटात रेल्वेची वाफेची इंजिने बसवली होती आणि बरोबर तीन वर्षांचा शिधा होता. ग्रीनलंडपर्यंत गेल्यावर पाच जणांना परत पाठवले. उरलेल्या १२९ जणांपैकी एकही घरी आला नाही. सप्टेंबर १८४६ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील किंग विल्यम बेटाच्या वायव्येला जहाजे बर्फात रुतली. १८५९ मध्ये त्या बेटावर दगडांच्या एका राशीत एक कागद सापडला. त्यावर मे १८४७ ची ‘सर्व कुशल’ अशी नोंद आहे, आणि त्याच कागदाच्या समासात अकरा महिन्यांनंतर लिहिले आहे, की फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, एकूण २४ जण दगावले, जहाजे सोडून दिली आहेत आणि उरलेले १०५ जण उद्या दक्षिणेला बॅक नदीकडे निघतील. सिमन्स यांची सातशेहून अधिक पाने या दोन नोंदींच्या मधल्या आणि नंतरच्या रिकाम्या जागेत लिहिलेली आहेत.

प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर पात्राचे नाव, अक्षांश, रेखांश आणि तारीख किंवा महिना येतो. पूर्वार्धात काळ मागेपुढे जात असल्यामुळे वाचक गोंधळतो, आणि माझा मित्र बहुधा इथेच थकला. काकांची पहिली पेन्सिलखूण मात्र या मथळ्यांवरच होती: त्यांनी प्रकरणामागून प्रकरण तेच आकडे अधोरेखित केले होते, ७० अंश ५ मिनिटे उत्तर, ९८ अंश २३ मिनिटे पश्चिम. महिने उलटतात, माणसे मरतात, आणि जहाज जागचे हलत नाही. हे एकदा लक्षात आले की कथानक संथ असल्याची तक्रार माझ्यापुरती तरी मिटली. ज्या साहसकथेत वेगाचीच आशा संपली आहे, तिचा ताण वेगाने वाढवता येत नाही; तो मोजून मोजून संपत जाणाऱ्या कोळशाने, रमने आणि लिंबाच्या रसाने वाढतो, आणि सिमन्स यांना हे मोजमाप विलक्षण साधले आहे.

थंडीचे वर्णन तर मी आजवर वाचलेल्यांत सर्वांत अंगावर येणारे आहे. लोकरीच्या थरांखाली घाम येतो, तोच गोठतो आणि कपड्यांचे चिलखत होते, दात तडकतात, बर्फाच्या दाबाखाली जहाजाच्या फळ्या रात्रभर कण्हत राहतात आणि तळाशी, जिथे प्रेते ठेवली आहेत, तिथून उंदरांची कुरतड ऐकू येते. पुढे माणसे होड्या घसरगाड्यांवर चढवून बर्फाच्या कड्यांवरून ओढू लागतात, तो भाग मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. यात अतिशयोक्ती नाही. अशी एक २८ फुटी होडी शोधपथकाला खरोखर सापडली होती. होडी आणि घसरगाडी मिळून वजन सुमारे १,४०० पौंड भरले, आत दोन सांगाडे, चांदीचे चमचे, पुस्तके आणि थोडे चॉकलेट होते, आणि तिचे तोंड सोडून आलेल्या जहाजांच्या दिशेला होते. ती माघारी का वळली असावी, या प्रश्नाने मला पुस्तक मिटल्यावरही सोडले नाही.

‘टेरर’चा कप्तान फ्रान्सिस क्रोझियर हे पात्र मनात घर करते. आयरिश असल्यामुळे बढतीत डावललेला, दारूत बुडालेला आणि तरीही बर्फाची खरी जाण असलेला हा माणूस खलाशांसमोर बायबलऐवजी हॉब्ज या तत्त्वज्ञाच्या ‘लेव्हायथन’ ग्रंथातला उतारा वाचतो, तो प्रसंग विसरणे अशक्य आहे. कॉर्नेलियस हिकी या खलाशाला मात्र थेट खलनायक केले आहे, आणि तिथे मी अडखळलो. हे खऱ्या खलाशाचे नाव आहे. ज्याच्याविषयी इतिहासाला जवळजवळ काहीच ठाऊक नाही, त्याच्या नावावर इतकी क्रूरता टाकताना लेखकाने नाव तरी बदलायला हवे होते.

सर्वाधिक वाद झाला तो बर्फावरच्या राक्षसी प्राण्यावरून. मैत्रिणीचे म्हणणे होते, की भूक, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) आणि निकृष्ट डबाबंद अन्न एवढे शत्रू असताना या श्वापदाची गरजच काय? मला तिचे म्हणणे निम्मे पटते. पहिल्या काही हल्ल्यांत ते धुक्यातच राहते, म्हणून काळजाचा ठोका चुकतो. पण हल्ले वाढत जातात तसा धाक ओसरतो, आणि डब्याचे झाकण उघडल्यावर येणारा वास त्याच्याहून भीतिदायक वाटू लागतो. शेवटच्या भागात इन्युइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांच्या, पुराणकथेचा धागा पुढे येतो व पुस्तकाचा सूरच बदलतो. तो बदल मला भावला, कारण तिथे प्रथमच कुणीतरी या बर्फाकडे घर म्हणून पाहते.

माझी मोठी तक्रार याच धाग्याशी जोडलेली आहे. कादंबरीतली प्रमुख इन्युइट व्यक्ती म्हणजे जीभ नसलेली एक तरुणी, जिला खलाशी ‘लेडी सायलेन्स’ म्हणतात. प्रत्यक्षात या मोहिमेचे काय झाले हे जगाला प्रथम इन्युइट लोकांनीच सांगितले. उपासमार आणि नरमांसभक्षणाची त्यांची साक्ष शोधप्रवासी जॉन रे यांनी १८५४ मध्ये लंडनला कळवली, तेव्हा तिथल्या प्रतिष्ठितांनी ती धुडकावली. पुढे सापडलेल्या हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी साक्ष खरी ठरवली. २०१६ मध्ये ‘टेरर’चे अवशेष सापडले तेही त्याच बेटावरच्या जोआ हेवन गावचे इन्युइट रहिवासी सॅमी कोगविक यांनी बर्फातून वर आलेल्या लाकडी खांबाची आठवण सांगितल्यामुळे. ज्या लोकांनी सर्वांत स्पष्ट बोलून दाखवले, त्यांच्या प्रतिनिधीला मुकी करणे ही कादंबरीची खरी उणीव आहे.

ज्यांना सातशे पाने झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी २०१८ ची दहा भागांची मालिका आहे. जॅरेड हॅरिस यांचा क्रोझियर पुस्तकातल्याइतकाच थकलेला आणि जिद्दी आहे. तरीही आधी कादंबरीच वाचावी, शेजारी किंग विल्यम बेटाचा नकाशा ठेवावा आणि पूर्वार्धातल्या तारखा एका कागदावर उतरवून घ्याव्यात. मालिका नंतर पाहावी, कारण तिथे त्या तरुणीच्या भूमिकेत ग्रीनलंडच्या निवे नील्सेन आहेत, आणि पहिल्याच भेटीत ती आपल्या मरणासन्न वडिलांशी स्वतःच्या भाषेत बोलते.