वेल्सचं जुनं दगडी घर पाहायचंय: कार्डिफला जावं की थेट डोंगरात?

सोळाव्या शतकातलं वेल्श शेतकऱ्याचं दगडी घर आतून पाहायचं ठरवलं, की माझ्या मते निवड दोन घरांवर येऊन थांबते. एक कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयातलं 'गारेग वाउर', दुसरं उत्तरेत पेनमाख्नो गावापलीकडच्या दरीतलं 'टी माउर विबर्नांत'. माउर म्हणजे मोठा, आणि स्त्रीलिंगी नामामागून आला की तोच वाउर होतो. म्हणजे सामना 'मोठा दगड' विरुद्ध 'मोठं घर'. मोठं अर्थात त्या काळच्या त्या डोंगरात! आपल्या चौसोपी वाड्याशेजारी ही दोन्ही घरं आउटहाउस वाटतील.

दोन्ही घरांची जात एकच, म्हणूनच निवड अवघड. त्याआधीच्या वेल्श घरात आग जमिनीवर, खोलीच्या मध्यात पेटायची आणि धूर छपरापर्यंत मोकळा चढायचा. अशा खोलीवर मजला घालणार कसा? स्नोडोनिया या उत्तर वेल्समधल्या डोंगराळ भागातल्या सधन शेतकऱ्यांनी आग टोकाच्या भिंतीत नेली, तिला दगडी धुराडं दिलं आणि वरची सगळी जागा मोकळी झाली. पुढचं सगळं त्यातून आलं: दोन मजले, शेकोटीलगत भिंतीतच वळत चढणारा अरुंद जिना, खाली उभ्या ओक फळ्यांचा पडदा आणि त्यापलीकडे दूधदुभत्याच्या, साठवणीच्या लहान खोल्या. भिंती जाडजूड, वर स्लेटच्या पाट्या. खिडक्या इतक्या लहान, की आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो.

'गारेग वाउर' १५४४ सालचं, मूळचं कार्नार्वनजवळच्या वाइनवाउरचं. ते उतरवून, दक्षिणेत आणून पुन्हा उभं केलं. सेंट फॅगन्सचा उद्योगच हा. १९४८ साली उघडलेल्या या संग्रहालयात वेल्सभरातून आणलेल्या चाळीसहून अधिक इमारती आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, गाडी लावायला पडतात. पण इथे यायचं खरं कारण म्हणजे शेजार. त्याच आवारात रादनोरशरमधलं किलेवेंट आहे. हे लांबोडकं घर मुळात पंधराव्या शतकातलं, लाकडी सांगाड्याचं. दगडी भिंती १७३४ च्या. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, छप्पर एकच. गोठ्याची ऊब घरात घेणं कोणाला सुचलं नाही असा डोंगराळ मुलूख विरळाच. गोवर द्वीपकल्पावरचं १६१० चं केनिक्स्टनही तिथेच आहे, गवताने शाकारलेलं. त्याच्या भिंती लालभडक रंगवलेल्या, भुताखेतांनी दूर राहावं म्हणून. ही दोन्ही पाहून 'गारेग वाउर'मध्ये शिरलात, तर धुराड्याने काय बदललं ते सांगावं लागत नाही.

टी माउरला असा शेजार नाही. तिथे दरी आहे. घराचा दगड आणि मागच्या डोंगराचा दगड एकच दिसतो, आणि हे कार्डिफच्या हिरवळीवर मिळणार नाही. शिवाय बायबल वेल्शमध्ये आणणारा विल्यम मॉर्गन याच शेतावरचा, जन्म १५४५ चा. त्याचं भाषांतर १५८८ साली छापलं गेलं. वेल्श भाषा टिकली त्यात त्या पुस्तकाचा वाटा फार मोठा मानतात. त्याची पहिल्या आवृत्तीची प्रत या घरात आहे, सोबत जगभरच्या भाषांतली बायबलं. भाषेवर जीव असलेल्याने इथेच जावं, हे मी डोळे झाकून सांगेन.

मात्र 'जागेवरचं तेच अस्सल' या भावनेने जाऊ नका. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९८८ साली, बायबलच्या चारशेव्या वर्षी, टी माउरमधले नंतरचे बदल काढून त्याला सोळाव्या-सतराव्या शतकातलं रूप परत दिलं. म्हणजे एक घर जागेवरून हललं, तर दुसरं काळात मागे नेलं गेलं. मधल्या पिढ्यांनी घरात काय काय केलं, ते पुसलं गेलं. मला हे थोडं खटकतं.

तेव्हा वेल्सला पहिल्यांदाच जात असाल, मुलं सोबत असतील किंवा हाताशी एकच दिवस असेल, तर सेंट फॅगन्स. स्नोडोनियात, म्हणजे वेल्शमधल्या एररीत, मुक्काम असेल तर टी माउर सोडू नका. पण उघडं असण्याचे दिवस आधी बघून ठेवा. पेनमाख्नोच्या पुढे रस्ता अरुंद आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे तुम्हालाच जावं लागेल.