चोवीस शब्द: कागदावर की स्टीलच्या पट्टीवर?

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनाची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, पहिल्यांदा सुरू केलं की स्क्रीनवर बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द येतात. यंत्र हरवलं तरी या शब्दांवरून सगळं चलन परत मिळतं. पण तेच शब्द दुसऱ्याच्या हाती लागले, तर त्याला तुमच्या यंत्राची गरजच उरत नाही. खोक्यातल्या कार्डावर शब्द आधीच छापलेले असतील तर ते वॉलेट वापरूच नका, ती सरळ फसवणूक आहे.

कागदावर लिहिणं पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. पण आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटात वाळवी शिरते. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरं कोसळून ढिगारे झाले, तिथे कागदाचा काय निभाव लागणार?

स्टीलच्या पट्टीवर पंच आणि हातोडीने अक्षरं ठोकावी लागतात. वेळखाऊ काम आहे, पण हे शब्द ज्या प्रमाणित यादीतून येतात, तिच्यातल्या २०४८ शब्दांची पहिली चार अक्षरं एकमेकांपासून वेगळी असल्याने तेवढीच पुरतात. भांड्यांच्या दुकानात नाव टाकून मिळतं, म्हणून पट्टी मात्र तिथे नेऊ नका. घरीच ठोका.

चोरीपुढे दोन्ही सारखेच, आणि मोबाइलवर फोटो तर कशाचाच काढू नये. थोड्या रकमेला कागद चालेल. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर मी पट्टीच सांगेन. मोठी रक्कम टाकण्याआधी वॉलेट रिसेट करून पट्टीवरचे शब्द भरून पाहा, चलन स्वीकारायचा पत्ता आधीचाच यायला हवा.