सनदेवर तक्रार: बार कौन्सिलची शिस्तपालन यंत्रणा कितपत कामाची?

गुण: पाचपैकी अडीच

वकिलाने दगा दिला की पक्षकाराच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, ‘याची सनदच घालवतो.’ सनद म्हणजे वकिलीचा परवाना. ती निलंबित किंवा रद्द करायची तर बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेचीच पायरी चढावी लागते. न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा म्हणून आपल्यालाही ती निलंबित करता येत नाही, असं खुद्द सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये ठरवलं. महाराष्ट्र आणि गोव्याची कौन्सिल एकच आहे, मुंबईत.

इथे काय मिळत नाही ते आधी. अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली शिस्तपालन समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला समज देऊ शकते, ठरावीक मुदतीसाठी सनद निलंबित करू शकते किंवा वकिलांच्या नामावलीतून नाव काढू शकते. दिलेली फी परत, हरलेल्या दाव्याची भरपाई, असलं काही त्या कलमात नाही. कलम 43 खाली खर्चाचा हुकूम होतो, पण तो या कार्यवाहीच्या खर्चापुरता. पैशासाठी आलेला माणूस इथे चुकीच्या रांगेत उभा असतो.

तक्रार कशाची टिकते? दावा हरला, युक्तिवाद कच्चा झाला, एखादी तारीख चुकली, एवढ्यावर गैरवर्तन सिद्ध होत नाही. साधा हलगर्जीपणा आणि बेइमानी यांत समिती फरक करते, आणि पुरावाही फौजदारी खटल्याच्या जवळ जाईल इतका ठोस मागते. उलट पक्षकाराची रक्कम उचलून हिशेब न देणं, निकालातल्या रकमेत टक्केवारी ठरवणं, त्याच वादात समोरच्याचं वकीलपत्र घेणं, तडजोडीवर परस्पर सही ठोकणं या गोष्टी नेमक्या वर्मी बसतात. वादातली मालमत्ता स्वतःच्याच पक्षकाराकडून विकत घेणाऱ्या वकिलाची सनद 1997 मध्ये वर्षभरासाठी गेली होती. समोरच्या पक्षाच्या वकिलावर राग काढायला मात्र जाऊ नका. तक्रारदार आणि वकील यांच्यात सहसा पक्षकार-वकील हे नातं असावं लागतं, हे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कौन्सिलला 50,000 रुपये खर्च लावून सुनावलं.

खरी मेहनत कागदांची. तक्रार म्हणजे पत्र नव्हे. ती अर्जाच्या रूपात, सही करून आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन करून (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून) द्यायची असते, सोबत ठरलेलं शुल्क आणि प्रती. मराठीत दिली तरी चालते. मुख्य न्यायमूर्तींपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना प्रत रवाना केल्याने वजन वाढत नाही. सत्यापन नसलेला कागद मात्र त्रुटी काढून परत येतो आणि महिने तिथेच जातात. सोबत जोडा: वकीलपत्राची आणि रोजनाम्याची (कोर्टातल्या तारखेवार नोंदींची) साक्षांकित प्रत, बँकेचा उतारा, पावत्या. रोख दिले आणि पावती घेतली नाही, तर निदान रक्कम मान्य करणारा एखादा संदेश शोधा. व्हॉट्सॲपच्या नुसत्या छापील पानांवर विसंबू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लावा. मजकुरात प्रत्येक आरोपाला तारीख, रक्कम आणि त्याचा कागद. ‘वकील समोरच्याला फुटला’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी पुराव्याविना ते फक्त शिवीगाळ ठरतं.

तक्रार थेट समितीकडे जात नाही. कौन्सिल आधी वकिलाचं म्हणणं मागवू शकते आणि गैरवर्तनाला सकृद्दर्शनी आधार दिसला तरच प्रकरण समितीकडे पाठवते. तसं पाठवताना कारणं नोंदवावी लागतात. एका ओळीचा ठराव पुढे कोर्टात टिकत नाही, आणि मग तक्रारदाराची सगळी वर्षं वाया. उंबरठ्यावरच अडवलं तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 48-अ खाली दिल्लीतल्या बार कौन्सिल ऑफ इंडिया या देशपातळीवरच्या संस्थेकडे पुनरीक्षण, म्हणजे त्या निर्णयाची फेरतपासणी मागता येते.

समितीत तिघे: कौन्सिलने आपल्या सदस्यांतून निवडलेले दोन, एक बाहेरचा ज्येष्ठ वकील. वकिलांनीच वकिलाला तपासायचं, ही रचना पाहून नाक मुरडणारे चुकत नाहीत. पण साक्षीदार बोलावणं, शपथेवर तपासणं, कागद हजर करायला लावणं हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत. काम बरंचसं प्रतिज्ञापत्रांवर चालतं, गरज वाटल्यास उलटतपासणी होते. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो; तो बाजूला करायला 60 दिवसांत सबळ कारणासह अर्ज लागतो.

एका नियमाला मात्र पैकीच्या पैकी. तक्रारदाराने माघार घेतली किंवा आपसात मिटवलं, एवढ्यावरून चौकशी बंद होत नाही. ‘पैसे घे आणि तक्रार मागे घे’ म्हणणाऱ्या वकिलाला हे सहसा ठाऊक असतं, पक्षकाराला नसतं.

वेळेच्या बाबतीत निराशा. कलम 36-ब प्रमाणे वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. कागदावर ही पक्षकाराची सोय. प्रत्यक्षात मुंबईचे खेटे संपून दिल्लीचे सुरू होतात. राज्य पातळीवरच वर्षात निकाल लावा, हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा बजावावं लागलं. निकालावर 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुन्हा 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो.

पैशांसाठी ग्राहक मंचाचा पर्याय मे 2024 मध्ये बंद झाला. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. उरतो दिवाणी दावा, आणि रक्कम हडपली असेल तर पोलिसांत विश्वासघाताची फिर्याद. दोन्ही सनदेच्या तक्रारीच्या जोडीने चालवता येतात.

आणि चालू खटला या तक्रारीसाठी थांबवून ठेवू नका. फी थकली म्हणून वकिलाला फाईल अडवून धरता येत नाही, हे 2000 सालीच ठरलंय. जुना वकील नाहरकत देत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3, नियम 4 खाली त्याचं वकीलपत्र संपवण्याची परवानगी त्याच न्यायालयाकडे मागा, त्याला दिलेल्या नोटिशीची पोच अर्जाला जोडा, आणि नव्या वकिलाचं वकीलपत्र त्याच दिवशी दाखल करा.