झुमे ट्रेनिंग: घरात छोटी मंडळी (चर्च) सुरू करायची असेल तर कोर्स कसा आहे

घरात दहा-बारा जणांची प्रार्थना सुरू करायची खूप जणांच्या मनात असतं, पण गाडी एकाच ठिकाणी अडते, शिकवणार कोण, पाळक (पास्टर) नसताना चालतं का, गाणी आणि प्रार्थना झाल्यावर पुढे काय करायचं. अशांना सध्या बहुतेक वेळा झुमे ट्रेनिंग सुचवलं जातं. आमच्या गटाने ते पूर्ण केलंय आणि त्यातल्या काही गोष्टी आम्ही अजून दर आठवड्याला वापरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी बेसिक माहिती. झुमे हे ऑनलाइन आणि पूर्ण मोफत ट्रेनिंग आहे, पण एकट्याने मोबाइलवर बघून संपवायचा हा कोर्स नाही, ३ ते १२ जणांनी एकत्र बसून करायचा आहे. मूळ रचना १० सेशन्सची, प्रत्येक सेशन साधारण २ तासांचं. छोटा व्हिडिओ बघायचा, मग आपसात चर्चा करायची आणि मग शिकलेलं तिथल्या तिथे करून बघायचं, असा क्रम. शिकवणारा तज्ज्ञ लागत नाही, कोणीतरी एकाने स्क्रीन आणि वेळ सांभाळली की झालं. बाप्तिस्मा, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं), साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगायला शिकणं, दुसऱ्याला शिष्य बनवणं, सगळं यात येतं. शेवटचं सेशन थोडं अॅडव्हान्स्ड आहे, एकापेक्षा जास्त गट झाले की काय करायचं त्याबद्दल, ते नव्या गटाने घाई करून बघायची काही गरज नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त आवडलं ते आधी सांगते. दुसऱ्या सेशनमध्ये एक तासाची प्रार्थना आहे. तासाचे १२ भाग करायचे, प्रत्येक भाग ५ मिनिटांचा: स्तुती, शांत थांबणं, पापकबुली, बायबलचं वचन वाचणं, स्वतःसाठी मागणं, दुसऱ्यांसाठी मध्यस्थी, वचन हातात धरून प्रार्थना, उपकारस्तुती, गाणं, मनन, ऐकणं आणि परत स्तुती. व्हिडिओ संपला की लगेच प्रत्येकाने जाऊन हा तास करायचा आणि मग परत येऊन एकमेकांना सांगायचं. कागदावर हे फार मेकॅनिकल वाटतं, घड्याळ लावून कसली प्रार्थना असं बऱ्याच जणांना वाटतंच, पण करून बघितल्यावर कळतं की आपली नेहमीची प्रार्थना मागण्यापाशी सुरू होते आणि मागण्यापाशीच संपते, बाकीच्या अकरा खोल्यांमध्ये आपण पाऊलच टाकलेलं नसतं.

आम्ही नंतर हाच तास सगळ्यांनी एका खोलीत बसून करायला सुरुवात केली. शांत थांबायच्या पाच मिनिटांत सुरुवातीला सगळ्यांच्या नजरा घड्याळाकडे, कोणीतरी घसा खाकरायचं, कोणी पुस्तकाची पानं उलटायचं. पण वचनावरून प्रार्थना करायचा भाग आला तेव्हा एक गोष्ट झाली. आमच्यात एक वयस्कर ताई आहेत, कित्येक वर्षं मंडळीत येतात पण चारचौघांत तोंडाने प्रार्थना म्हणून कधी केली नाही, त्यांना वाटायचं की ते पाळकांचं काम, आपल्याला शब्द येत नाहीत. त्यांच्यासमोर बायबलमधलं स्तोत्र २३ उघडं होतं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, प्रभू, तू माझ्या मुलाचा मेंढपाळ हो, त्याला काही उणं पडू देऊ नकोस. मग दुसरी ओळ, मग तिसरी, मृत्युछायेच्या दरीपर्यंत आल्या आणि तिथे आवाज दाटून आला, तरी थांबल्या नाहीत. सहा वचनांचं स्तोत्र त्यांनी मुलाचं नाव घालून शेवटपर्यंत प्रार्थून घेतलं. प्रार्थनेवरची कितीतरी प्रवचनं ऐकून जे झालं नव्हतं ते उघड्या स्तोत्राने आणि पाच मिनिटांच्या मोकळ्या जागेने झालं. झुमेमधून फक्त हा एक तास उचलला तरी कोर्स वसूल आहे असं मी मनापासून सांगते.

दुसरी जमेची बाजू म्हणजे मंडळीबद्दलची समज. कोर्स स्पष्ट सांगतो की घरात जमलेला छोटा गट, जिथे ख्रिस्त राजा आहे, देवावर आणि एकमेकांवर प्रीती आहे आणि शिष्य घडतायत, ती मंडळीच आहे, मोठ्या मंडळीची तयारी किंवा लहान आवृत्ती नाही. हे ऐकायला सोपं आहे पण मनात बसायला वेळ लागतो, कारण आपल्या डोक्यात मंडळी म्हटलं की इमारत, स्टेज, माइक. पण बायबलमधली पौलाची पत्रं वाचा ना, रोमकरांस १६:५ मध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विलाच्या घरातली मंडळी, कलस्सैकरांस ४:१५ मध्ये नुंफाच्या घरातली, फिलेमोनाच्या घरातली, आणि प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये बघा, फिलिप्पै शहरात तर सगळी सुरुवातच नदीकाठी प्रार्थनेला बसलेल्या बायकांपासून आणि मग लुदियाच्या घरातून. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस म्हणून जुनं शहर आहे, तिथे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खननात तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं जे ख्रिस्ती लोक उपासनेसाठी वापरत होते. बाहेरून शेजारच्या घरांसारखंच घर. आत त्यांनी दोन खोल्यांमधली भिंत काढून जमायला एक मोठी खोली केली आणि एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद बांधला, तिथल्या भिंतींवर मेंढपाळाचं आणि पाण्यावर चालणाऱ्या येशूचं चित्र. मला हे फार धीर देणारं वाटतं, की ज्या लोकांनी छळाच्या काळात विश्वास टिकवला त्यांनी मोठं काही बांधायच्या आधी आहे त्या घरातली एक भिंत काढली.

तिसरी गोष्ट, थ्री-थर्ड्स म्हणजे तीन भागांची सभा. कोर्स संपल्यावर आम्ही दर आठवड्याला हीच पद्धत ठेवली. पहिल्या भागात मागे बघायचं: कोण कसं आहे, मागच्या वेळी ठरवलेलं केलं का. दुसऱ्यात वर बघायचं: प्रार्थना, शास्त्रातला एकच उतारा, काय आवडलं, काय अवघड वाटलं, हे लोकांबद्दल आणि देवाबद्दल काय शिकवतं. तिसऱ्यात पुढे बघायचं: आता या आठवड्यात मी काय करणार, कोणाला सांगणार, आणि त्याचा सराव करून प्रार्थना करून निघायचं. प्रवचन नाही. त्यामुळे एकच जण बोलतोय आणि बाकीचे माना डोलावतायत असं होत नाही, नवीन आलेला माणूसही उताऱ्यावर बोलतो आणि खूपदा तोच सगळ्यात खरं बोलतो.

यात 'मी करीन' असं एक वाक्य प्रत्येकाने म्हणायचं असतं, त्याबद्दल थोडा अनुभवाचा सल्ला देते. लोक सुरुवातीला फार मोठी वाक्यं म्हणतात, मी चांगला बाप होईन, मी जास्त प्रार्थना करीन. पुढच्या आठवड्यात विचारलं तर उत्तर काय देणार? आमच्यातल्या एकाने हेच म्हटलं होतं तेव्हा दुसऱ्याने प्रेमाने विचारलं, म्हणजे नक्की कधी आणि काय? तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बुधवारी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलीशी अर्धा तास बोलेन. पुढच्या वेळी त्याला सांगायला काहीतरी होतं, आणि आम्हाला त्या मुलीसाठी प्रार्थना करायला काहीतरी होतं. वाक्य जितकं छोटं तितकं ते पाळलं जातं.

आता जिथे माझं मत वेगळं आहे ते. कोर्समध्ये वाढीवर भरपूर भर आहे. जो शिकला त्याने लगेच पुढच्याला शिकवायचं हे मला पटतं, विश्वास असाच घरोघरी गेला. पण वेगावर एक वेगळा विषय आहे, शिष्य भराभर वाढले पाहिजेत असा त्याचा सूर आहे, आणि तळमळ खरी असली तरी छोट्या नव्या गटाने तो भाग जपून घ्यावा असं मला वाटतं. एखाद्याच्या घरात आजारपण आहे, एखादीचा संसार मोडायला आलाय, अशा वेळी गटाने सहा महिने नुसतं तिच्यासोबत बसणं हेही देवाच्या राज्याचंच काम आहे आणि ते कुठल्या तक्त्यात भरता येत नाही.

तसंच १०० नावांच्या यादीचं. आपल्या ओळखीच्या १०० जणांची नावं लिहायची आणि कोण प्रभूला मानतो, कोण नाही, कोणाबद्दल माहीत नाही ते लिहायचं. यादी चांगली आहे, कारण तिने कळतं की आपण किती लोकांमध्ये वावरतो आणि त्यातल्या किती जणांसाठी कधी प्रार्थनाच केली नाही. पण माझं ठाम म्हणणं आहे की ही यादी आधी प्रार्थनेची वही म्हणून वापरा. रोज चार-पाच नावं घ्या. पाचव्या सेशनमध्ये 'ब्लेस' नावाची प्रार्थना शिकवलीय, माणसाच्या शरीरासाठी, कामधंद्यासाठी, मनासाठी, नात्यांसाठी आणि आत्म्यासाठी प्रार्थना करायची, ती या यादीला जोडून टाका. ज्याच्या गुडघेदुखीसाठी आणि नोकरीसाठी तुम्ही महिनाभर प्रार्थना केलीय त्याच्याशी बोलताना तुमचा आवाजच वेगळा असतो, तो तुम्हाला टार्गेट वाटत नाही, माणूस वाटतो.

दोन-तीन जणांचे छोटे गट करायला सांगितलेत, पुरुष पुरुषांसोबत आणि बायका बायकांसोबत, आठवड्याला भेटून एकमेकांना प्रामाणिक प्रश्न विचारायचे. ही काही नवी आयडिया नाही, इंग्लंडमधले प्रचारक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट लोकांमध्ये १७४२ पासून साधारण बारा जणांच्या क्लास मीटिंग होत्या आणि तिथे दर आठवड्याला प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस व्हायची. गंमत म्हणजे त्या सुरू झाल्या त्या ब्रिस्टलमधल्या सभागृहाचं कर्ज फेडायला दर आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी, आणि पैसे मागायला घरोघरी गेल्यावर लोकांचं खरं आयुष्य दिसायला लागलं. आमच्या बायकांच्या गटात हे प्रश्न फार उपयोगी पडले, पण प्रश्न विचारणारीनेही आधी स्वतःचं उत्तर द्यायचं हा नियम आम्ही घातला, नाहीतर विचारपुशीची चौकशी व्हायला वेळ लागत नाही. आणि जे तिथे बोललं ते तिथेच राहिलं पाहिजे, यावर तडजोड नको.

आठवड्याला २५ ते ३० अध्याय वाचायचं टार्गेट आहे. वाचनाची सवय असलेल्यांना जमतं आणि त्याचा फायदाही होतो. ज्यांना वाचायला जड जातं त्यांना ऑडिओ बायबल लावून द्या आणि अध्याय मोजू नका. एक उतारा चार वेळा ऐकून पाळणारी माणसं मी बघितलीत.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे कोर्स थेट छोट्या गटाच्या हातात देतो. इथे एक गोष्ट सांभाळा. तुमचा गट कुठल्या मंडळीशी जोडलेला असेल आणि तिथे हे संस्कार दीक्षित पाळकांनीच द्यायची शिस्त असेल तर सुरू करायच्या आधी पाळकांशी बसून बोला, त्यांना कोर्सचं साहित्य दाखवा. लपवून सुरू केलेल्या गटात संशय आधी येतो आणि प्रार्थना मागे पडते. पाळक सोबत असले तर छोटा गट आणि मोठी मंडळी दोघांनाही बळ मिळतं.

आणि मागे बघायचा जो पहिला भाग आहे त्यातली विचारपूस दोन मिनिटांत उरकू नका. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना आहे, आणि त्याच्या लगेच पुढे लोक आपलं विकून गरज असेल त्याला देत होते असं लिहिलंय. तेव्हा कोणाची फी राहिलीय, कोणाला दवाखान्यात रात्री सोबत लागणार आहे, म्हाताऱ्या आईजवळ कोण बसणार, हे सगळं त्या खोलीत मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे. आमच्याकडे यालाच कधीकधी अर्धा सभेचा वेळ जातो आणि मला तो वेळ वाया गेला असं कधीच वाटलं नाही.

कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे दोन-तीन विश्वासू माणसं आहेत, आठवड्यातली एक संध्याकाळ आहे आणि उघडायला एक दार आहे, त्यांनी नक्की घ्यावा. ज्यांना देवशास्त्राचा सखोल अभ्यास हवाय त्यांच्यासाठी हा नाही, तो वेगळा शोधा. लहान मुलं असलेल्या घरांना २ तास सलग बसणं कठीण जातं, त्यांच्यासाठी एकेका तासाची २० सेशन्स असाही पर्याय आहे, तो घ्या. माझा सल्ला विचाराल तर पहिलं सेशन लावायच्या आधी महिनाभर नुसतं प्रार्थनेला जमा, कोणाला बोलवायचं ते त्याच महिन्यात ठरेल, आणि दुसऱ्या सेशनच्या प्रार्थनेच्या तासानंतर लगेच तिसरं सेशन लावू नका, तोच तास अजून दोन-तीन आठवडे करा आणि मग पुढे जा.